एकमताचं दुकान

एल्डरफील्ड गावात सभासदांच्या मालकीचं किराणा दुकान काढायचं ठरलं, आणि लोकांचा उत्साह असा की दुकान सोडून सगळं निघालं. नियमावली निघाली, बोधचिन्ह निघालं, उपसमित्या निघाल्या, उपसमित्यांवर देखरेखीला आणखी एक समिती निघाली. जागा मिळाली, फळ्या ठोकल्या, मोठा फ्रीज आला आणि रिकाम्या पोटी गुरगुरू लागला. माल तेवढा नव्हता. नमनालाच घडाभर तेल जळालं होतं, आख्यानाला बुवांचा घसा उरला नव्हता.

कारण पहिल्याच सभेत सगळ्यांनी डोळे ओले करून ठरवलेलं, की प्रत्येक निर्णय एकमतानं घ्यायचा. बहुमत म्हणजे दांडगाई. प्रत्येक सभासदाच्या हाती एक लाल कार्ड दिलेलं. ते एकानंही वर केलं की ठराव जागच्या जागी आडवा.

वसंतापासून केळी आडवी पडली होती. थॅडियस ग्रीनलीफ हे निवृत्त वास्तुविशारद दर सभेत कार्ड उचलून सांगत, "इतक्या दूरचं फळ माझ्या दुकानात नको. मन मानत नाही." हे सांगताना त्यांच्या हातात कॉफीचा पेला असे. ती बहुधा त्यांच्या परसात पिकत असावी. आणि मालाची यादी अख्खी मंजूर झाल्याशिवाय दुकान उघडायचं नाही, असाही ठराव झालेला. तो मात्र एकमतानं.

हेस्टर लाबाउंटीबाई हे सगळं बाहेरून बघत होत्या. जन्मभर गावचं टपाल सांभाळलेली बाई. आता नजर अधू झाली, गाडीचा परवाना गेला, आणि सगळ्यात जवळचं दुकान डोंगरापलीकडे. ओहायोतल्या लेकीनं, लॉर्नानं, फोनवर बजावलेलं, "आई, बर्फ पडायच्या आत गावात दुकान उघडलं तर राहा तिथेच. नाहीतर वृद्धाश्रमातली खोली मी ठरवलेलीच आहे. दर वेळी शेजाऱ्याला अंडी आणायला सांगून किती दिवस काढशील?"

मेपलची पानं झडून गेली होती. त्या रविवारी चर्चच्या तळघरात सभा होती. हेस्टरबाईंनी दुपारीच सभासदत्व घेतलं. नव्या सभासदाचा प्रशिक्षणवर्गही केला. त्यात मन लावून ऐकावं कसं हे शिकवणारी बाई अखंड बोलत होती.

सभेत केळी पुन्हा आडवी पडली. अध्यक्षा मेरिडिथ स्टॅनर्ड मधाळ आवाजात म्हणाली, "किती सुंदर चर्चा झाली! उरलेलं पुढच्या महिन्यात. सभा संपवू या, सगळे सहमत?"

हा प्रश्न नुसता रीत म्हणून विचारायचा. आरतीनंतर कुणी हरकत घेतो का?

हेस्टरबाईंनी लाल कार्ड वर केलं.

"हेस्टर, अहो, ते कार्ड ठरावासाठी असतं," मेरिडिथ हसून म्हणाली.

"सभा संपवणं हा निर्णयच ना गं? नियमात 'प्रत्येक निर्णय' म्हटलंय. दुपारीच वर्गात शिकवलंत तुम्ही लोकांनी."

कुणीतरी नियमावली उघडली, वाचली, आणि हळूच मिटली.

"आम्ही तुमच्या भावना ऐकल्यात, हेस्टर."

"भावना नाहीत त्या. पाव, अंडी आणि चहा आहे."

"मग समेटासाठी एक समिती नेमू या. सहमत?"

कार्ड पुन्हा वर.

शेजारचे ऑरिन ट्यूक्सबरी खुर्चीत चुळबुळले. "हेस्टर, माझ्या गाईंच्या धारा काढायची वेळ झालीय, बाई! हंबरतायत तिकडे!"

"मग त्या गाईंसाठी थॅडियसला सांग. माझं कोण ऐकतंय?"

ऑरिन थॅडियसकडे वळले. "काय हो, केळ्यानं तुमचं काय घोडं मारलंय?"

"तत्त्वाचा प्रश्न आहे," थॅडियस म्हणाले.

"तत्त्वाला सड असते ना, तर तेच पिळलं असतं मी!"

लोक हसले. थॅडियस हसले नाहीत. हेस्टरबाई त्यांच्याकडे वळल्या, आणि त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "थॅडियस, तुमची बायको आजारी होती तेव्हा तिचं टपाल मी घरी आणून वाचून दाखवायचे. आता मी आंधळी होत चाललेय. मला माझ्या गावातच म्हातारं व्हायचंय हो. तुम्ही केळं नका खाऊ. मला पाव घेऊ द्या."

थॅडियसनी हातातला कॉफीचा पेला खाली ठेवला. देव माणसाच्या आत असतो, फक्त त्याला सभेची नोटीस उशिरा मिळते. "एका कोपऱ्यात ठेवा," ते शेवटी पुटपुटले. "दारातून दिसणार नाहीत अशी."

यादी मंजूर झाली. गुरुवारी दुकान उघडायचं ठरलं. ऑरिन तर टोपी विसरून गाईंकडे पळाले.

गुरुवारी फ्रीजमध्ये दूध होतं, फळीवर पाव होता, आणि हेस्टरबाईंच्या अंगावर सभासदांचा हिरवा एप्रन. आठवड्यात दोन पाळ्या त्यांच्या वाट्याला आल्या. काम एकच, येणाऱ्याला पिशवी धरून द्यायची आणि त्याचं नाव विचारायचं, जे त्यांना आधीच ठाऊक असायचं.

पहिल्या बर्फाच्या दिवशी लॉर्नाचा फोन आला. "आई, थोडे दिवस तरी ये ना माझ्याकडे. विश्रांतीला."

"आले असते गं. पण पाळी सोडायची तर रजा मंजूर करून घ्यावी लागते."

"घे मग. त्यात काय?"

"सगळ्यांचं एकमत लागतं, बाळ."

लॉर्ना त्याच गावात वाढलेली. ती बराच वेळ हसत राहिली, मग म्हणाली, "बरं. वसंतात मीच येते."