सोनाउल्लाची लेकरं

"परत सांगा बाजान. पहिलं गाव कुठलं?"

"बालारपाड. ते नदीनं खाल्लं. मग नतुनचर. तेही खाल्लं. आता सकाळपासून तू मला खातेयस!" म्हातारा सोनाउल्ला वैतागून म्हणाला.

कचेरीबाहेरच्या बाकावर बसलेल्या जोयगुनला हसू आलं नाही. पंचेचाळीशीची बाई, पण सात महिन्यांत साठीची दिसायला लागली होती. 'तू परदेशी आहेस, नसशील तर शाबीत कर,' अशी नोटीस आल्यापासून तिला घास गोड लागत नव्हता. शाबीत नाही झालं तर परदेशी ठरलेल्यांच्या छावणीत रवानगी. आणि शाबीत काय करायचं, तर जुन्या मतदारयाद्यांत नाव असलेल्या सोनाउल्लाची ती मुलगी आहे! बाप शेजारी सुपारी चघळत बसलाय, पण कागदावर दोघांचं नातं कुठेच नव्हतं. शाळेचं तोंड तिनं पाहिलेलं नाही, आणि मतदारयादीत नाव चढलं तेही थेट कुणाची तरी बायको म्हणून.

आई दोन वर्षांपूर्वी गेली. ती सांगायची, "ज्या पुरात मशीद वाहून गेली ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी केळीच्या तराफ्यावर झालीस तू." जोयगुननं कारकुनांच्या हातापाया पडून त्या पुराचं साल शोधलं. नदीनं खाल्लेली दोन गावं आणि आताचं बेट, तिन्हींच्या जुन्या याद्यांतला सोनाउल्ला एकच माणूस आहे, हेही जुळवलं. आता फक्त बापानं निकाल देणाऱ्या साहेबांपुढे उभं राहायचं होतं.

म्हातारा उभा राहिला. गावं, सालं, आजोबांचं नाव, सगळं त्यानं घडाघडा सांगितलं. जोयगुनच्या जिवात जीव आला.

"चाचा, लेकरं किती तुम्हाला?" सरकारी वकिलानं सहज विचारलं.

हे तर शिकवायची गरजच नव्हती. म्हाताऱ्याची मान ताठ झाली. "तीन, हुजूर. नुरुल, हसमत आणि बादशा."

"तीनच?"

"तीनच. अल्लाच्या दयेनं तिघंही हातीपायी धड."

तीन म्हणजे जोयगुन त्यात नव्हतीच. पण बापाला दोष तरी काय देणार? त्यांच्या बेटावर सगळे असंच मोजतात. बाजारात कुणी विचारलं तर तीही फक्त मुलगे धरून "दोन" म्हणायची. पोटच्या दोन मुली तिच्या तोंडून कधी निघाल्या नव्हत्या.

तिचा वकील धडपडत उठला. "चाचा, आणि मुली?"

"मुली आहेत की दोन! ही काय बसलीय—"

"आता शिकवून काय उपयोग?" सरकारी वकील खाली बसत म्हणाला. साहेबांनी लिहिलेल्या 'तीन'खाली रेघ ओढली. निकाल पुढच्या महिन्यात.

बाहेर आल्यावर म्हाताऱ्यानं विचारलं, "वकील का गं तोंड पाडून गेला? माझं काही चुकलं?"

खोटं बोलावं असं तिला फार वाटलं, पण जीभ वळेना. "तुम्ही मला मोजलंच नाही, बाजान."

घाटावर येऊन दोघं नावेत बसली. नाव सुटल्यावर म्हातारा वल्हं मारणाऱ्याचा दंड धरून म्हणाला, "ही माझी लेक. पहिलीवहिली."

"मला काय सांगतोस, चाचा? लहानपणापासून बघतोय तिला."

म्हाताऱ्यानं मग बकरी घेऊन बसलेल्या माणसाला सांगितलं. मग पोत्यावर बसलेल्या दोन बायांना. त्यांनी आपल्या माना हलवल्या.

"बसा बाजान, पडाल," जोयगुन म्हणाली. तिनं हात धरून त्याला खाली बसवलं. तो बसला आणि समोरच्या अनोळखी माणसाकडे वळून पुन्हा सांगू लागला.