हासिंतोकाकांच्या हातातली नासपती

मित्रांनो, मी एक जुनी नासपती आहे. दात लावू नका हं, लाकडाची आहे! ब्युनोस आयर्स शहराच्या बोएदो वस्तीतल्या बागेत लाकडी घोड्यांची एक चक्री फिरते. तिच्या कडेला उभा राहून चक्रीवाला मला हातात धरून हलवतो. माझ्या बुडाला भोक आहे आणि त्यात एक लोखंडी कडी खोवलेली असते, चक्रीवाल्याने अंगठ्याने दाबून धरलेली. घोड्यावर बसून फिरत आलेल्या पोराने हात लांबवून ती कडी उपटली, की त्याला एक फेरी फुकट. माझं काम एवढंच. पण एवढ्याचसाठी कितीतरी पोरं रविवारचं जेवण अर्धं टाकून धावत आलेली मी पाहिली आहेत.

मला घडवलं बाल्तासार नावाच्या सुताराने. तो रेल्वेच्या कारखान्यात काम करायचा आणि सुट्टीच्या दिवशी चक्री चालवायचा. हाताने कडक, मनाने लोणी. रविवारी देवळातली प्रार्थना आटोपल्याशिवाय त्याने चक्रीची कळ कधी दाबली नाही. म्हातारपणी त्याने मला आपल्या मुलाच्या, हासिंतोच्या हातात दिलं, तेव्हा तो जे बोलला ते माझ्या लाकडात मुरलं आहे.

"हासिंतो, पोरांना वाटतं कडी चपळाईने मिळते. वाटू दे. तू मात्र बघत राहा. ज्याच्याकडे एकच तिकीट आहे, जो मघापासून रडून आला आहे, ज्याचा वाढदिवस कुणाच्या लक्षात नाही, त्याचा हात आला की अंगठा सैल सोड. कडी द्यायची नसते, सुटू द्यायची असते. देवसुद्धा देताना हात दाखवत नाही."

आता कुणी म्हणेल, ही लबाडीच झाली की! झाली. पण ती पोरांच्या बाजूची लबाडी होती. चाळीस वर्षं हासिंतोकाकांनी ती निष्ठेने केली. मला वर उचलायचे, खाली झुकवायचे, दांडग्या पोरांना हुलकावण्या द्यायचे. "अरे, हात आहे की चमचा?" असं चिडवायचे. आणि मग एखादं लहानसं बोट मला शिवलं की त्यांचा अंगठा अलगद उठायचा. पोर ओरडायचं, "मिळाली! मिळाली!" आणि काका कपाळावर हात मारून घ्यायचे, "लुटलं रे मला!" त्या बोटांनी घासून घासून माझा रंग गेला आणि तुकतुकी आली. त्या अंगठ्यावर माझा विश्वास होता. आईच्या कडेवर पोराचा असतो ना, तसा.

बेलेन नावाची सात वर्षांची एक मुलगी दर रविवारी आजीचा हात धरून यायची. ओफेलियाआजी तिला एकच तिकीट काढून द्यायच्या. बेलेन नेहमी त्याच करड्या घोड्यावर बसायची आणि हात ताणायची, पण बोटभर कमी पडायचा. काकांनी एकदा मला मुद्दाम खाली झुकवलं, तर ही रुसली.

"खाली नाही आणायची! मी वाढेन."

"वाढ, वाढ. तुझा हात पोहोचला ना, की कडी तुझी. हासिंतोचा शब्द!" काका म्हणाले.

नोव्हेंबरात तिची आई तिला आणि आजीला कायमचं दक्षिणेला न्यायला आली. जायच्या आदल्या रविवारी बेलेनने काकांसमोर टाचा उंचावून हात वर केला. "बघा. पोहोचतो. पुढच्या रविवारी दुपारी आमची बस आहे. त्याआधी मी येणार."

पण त्याच आठवड्यात वाल्तेर नावाचा एक गोडबोल्या माणूस चक्रीपाशी आला. परदेशी पाहुण्यांना शहर दाखवणारा टीव्हीचा कार्यक्रम तो करायचा. आधी ओबेलिस्कचा उंच मनोरा, मग गुलाबी राजवाडा, मग बंदरावरची रंगीत पत्र्याची घरं, आणि शेवटी आमची चक्री!

"काका, तुम्ही म्हणजे या शहराचं हृदय," तो म्हणाला. "फक्त एक करायचं. आमचा पाहुणा मुलगा येईल, पहिल्याच फेरीत कडी त्याला मिळाली पाहिजे. प्रकाश सारखा बदलतो हो, पुन्हा पुन्हा नाही घेता येणार."

काकांनी मिशीला पीळ दिला. "टीव्हीवर माझं नाव येईल?"

"नाव? अहो, चेहरा येईल!"

रविवार उजाडला. काकांनी नवा सदरा घातला होता. मला तेल लावलं, आणि मी वेडी खूश झाले! बेलेन करड्या घोड्यावर बसली. तिच्या मागच्या घोड्यावर तो पाहुणा मुलगा, सोनेरी केसांचा. त्या बिचाऱ्याचा काय दोष? तो अल्फाहोर, म्हणजे आमच्याकडचं गोड बिस्कीट, खाण्यात गुंग होता. चक्री फिरू लागली. बेलेन आली. तिने घोड्यावर उभं राहावं तसं अंग ताणलं, आणि मित्रांनो, तिचा हात पोहोचला! तिची दोन बोटं कडीत शिरली, मिटली. मी म्हटलं, आता अंगठा उठेल.

अंगठा उठला नाही. तो दाबला गेला. असा जोरात की कडी माझ्या पोटात रुतली. बेलेनची बोटं खरचटून सुटली आणि चक्री तिला पुढे घेऊन गेली. ती मान वळवून बघत होती. मागून पाहुणा मुलगा आला, तेव्हा काकांनी कडी त्याच्या तळहातावर अक्षरशः ठेवली. त्याने आईला विचारलं, "हे काय आहे?"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

चक्री थांबली. बेलेन काकांसमोर येऊन उभी राहिली. "काका, मी पकडली होती."

"निसटली असेल गं, पोरी. घाम असतो हाताला."

"नाही. तुम्ही अंगठा दाबला."

काका हसले. "काहीतरीच काय! खेळ आहे हा."

आजूबाजूला आठदहा पोरं ऐकत उभी होती. आणि मी, सगळं ठाऊक असलेली मी, लाकडाची! मला तोंड असतं तर?

ओफेलियाआजी पुढे आल्या. "हासिंतो, माझा बाप संपावर होता ना, त्या वर्षी तुझ्या बापाने मला याच चक्रीवर कडी दिली होती. दिली, हे मला म्हातारी झाल्यावर कळलं. आणि माझ्या नातीला सातव्या वर्षीच कळलं, की तू दिली नाहीस. नवा सदरा छान आहे हो."

काकांचा चेहरा उतरला. त्यांनी धावत जाऊन दुसरी कडी आणली. "घे, बेलेन. दहा फेऱ्या घे. दिवसभर बस."

"मला फेरी नको होती," ती म्हणाली आणि आजीचा हात धरून बसच्या वाटेने निघून गेली. तिने वळून पाहिलं नाही. मी वाट पाहिली, म्हणून सांगते.

कार्यक्रम लागला. काकांचा चेहरा दिसला. आता पाहुणे येतात, फोटो काढतात, त्यांची मुलं सांगितल्यावर हात लांब करतात. पण आमच्या वस्तीची पोरं? ती घोड्यावर बसतात, गाण्यावर डुलतात, आणि माझ्याजवळ आली की दोन्ही हात घोड्याच्या मानेभोवती घट्ट ठेवतात. कुणी कुणाला काही शिकवलं नाही. एकाने पाहिलं, दुसऱ्याने ऐकलं, तिसऱ्याला कळलं.

परवा काकांनी मला इतकं खाली धरलं, इतकं सैल धरलं, की कडी आपोआप सुटून धुळीत पडली. चक्री पूर्ण तीन फेरे फिरली. कुणीही ती उचलली नाही. मग काका गुडघे टेकून स्वतःच ती शोधू लागले.

मित्रांनो, मला पुसा, रंगवा, असं मी मागत नाही. माझी विनंती वेगळीच आहे. तुम्ही मोठे व्हाल, तुमच्याही हातात काहीतरी असेल आणि कुणीतरी धाकटं तुमच्या शब्दावर विसंबून हात लांब करेल. तेव्हा तुमच्याकडे कोण बघतंय, हे बघू नका. तो हात बघा. लाकूड फुटलं तर दुसरं कोरता येतं. पण मागे घेतलेला हात पुन्हा पुढे कसा आणायचा, हे बाल्तासारने मुलाला सांगितलं नव्हतं. त्याला वाटलं असेल, त्याची वेळच येणार नाही.