थोरलीचा चेंडू, धाकटीचा हात

मित्रांनो, मी बेसबॉलमधल्या कॅचरचा हातमोजा आहे. नवा होतो तेव्हा तपकिरी होतो. आता माझा रंग कोणता म्हणायचा ते पाहणाऱ्याने ठरवावे. मला वेगवेगळी बोटे नाहीत. मी गोल आणि जाडजूड आहे. पहिल्यांदा पाहणारे हमखास विचारतात, "ही उशी कुणाची?" मला त्याचा राग येत नाही, कारण माझे काम तसे उशीचेच. पिचर म्हणजे चेंडू टाकणारा. तो जीव खाऊन चेंडू टाकतो. फलंदाजाची बॅट हुकली, की तो चेंडू मागे उकिडव्या बसलेल्या कॅचरकडे येतो, आणि कॅचरच्या डाव्या हातात मी असतो.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. जाड कातड्याचे तुकडे उलटे शिवून, लाकडी ठोकळ्यावर सुलटे करून मला आकार दिला. शेवटी एका बाईंनी कातडी वादी ओवून माझे जाळे विणले. वादीला त्यांनी दात-ओठ खाऊन शेवटचा हिसका दिला आणि शेजारणीला म्हणाल्या, "हा काही लवकर सुटायचा नाही." माझ्या वाट्याला आलेले ते पहिले कौतुक. दुसरे यायला बराच काळ गेला.

मधला काळ मी खेळाच्या सामानाच्या दुकानात काढला. बॅटी खपल्या, टोप्या खपल्या, शिट्ट्याही खपल्या. मला कोणी विचारीना. मुले दुकानात येत, मला हातात घालून पाहत आणि हसून परत ठेवत. चेंडू टाकायला सगळ्यांनाच आवडते, टोलवायला तर त्याहून आवडते. पण खाली बसून अंगावर चेंडू घ्यायची हौस कुणाला असणार?

एकदा दुकानातल्या खुर्च्यांना नवे रेक्झिन लावायला एक सोफेवाले आले. काम चोख झाले. दुकानदार खूश होऊन म्हणाले, "तुमच्या पोरी बेसबॉल खेळतात ना? मग याला न्या घरी. इथे नुसता धूळ खातोय." सोफेवाल्यांनी मला हत्यारांच्या पिशवीत टाकले. अशा रीतीने हातोडी आणि खिळ्यांच्या संगतीत मी घरी आलो.

त्यांना दोन मुली. थोरली पिचर होती. उंच, लांब हातांची, आणि जिभेला थोडी धार असलेली. तिने मला उलटेसुलटे करून पाहिले.

"बाबा, हा कॅचरचा आहे. माझ्या काय कामाचा?"

"मग राहू दे. कुशनमध्ये भरतो," सोफेवाले म्हणाले.

तेवढ्यात धाकटीने मला उचलून हातात घातले. तिचा हात माझ्यात पार बुडाला. थोरलीने तिच्याकडे पाहिले आणि म्हणाली, "चालेल. नाहीतरी माझे चेंडू अडवायला कुणीतरी पाहिजेच."

मित्रांनो, धाकटी कॅचर झाली ती अशी. तिला कुणी विचारलेही नाही.

तेव्हा मी लाकडासारखा कडक होतो. सोफेवाल्यांनी मला तेल चोळले, पोटात चेंडू ठेवून दोरीने आवळले आणि स्वतःच्या बैठकीखाली दडपून ठेवले. माझ्यावर बसूनच त्यांनी दोन मोठे सोफे आणि एक दिवाण पुरा केला. त्यानंतर मी जो मऊ झालो, तो आजतागायत.

सोफेवाल्यांच्या दुकानामागे गोदामाचे अंगण होते. एका टोकाला लोखंडी शटर, दुसऱ्या टोकाला सोफ्यांचे जुने सांगाडे. चेंडू कशावरून यायला हवा त्याची खूण म्हणून धाकटी रेक्झिनचा पाचकोनी तुकडा जमिनीवर टाके, त्याच्यामागे बसे आणि मला पुढे धरी. थोरली चेंडू टाकू लागली, की येणारेजाणारे थबकत. काय तो वेग! चेंडू माझ्यात बसला, की धप्प असा आवाज होई आणि गोदामातले हमाल हातातले ओझे खाली ठेवून म्हणत, "पोरगी आहे की तोफ!" आवाज माझा असे, कौतुक थोरलीचे होई. त्याबद्दल माझी तक्रार नव्हती, आणि धाकटीचीही नव्हती.

पण तोफेचा नेम काही नेहमी लागत नसे. एक चेंडू डोक्यावरून, एक पायाशी, एक पार बाजूला. धाकटी तो येण्याआधीच ओळखी. थोरलीचा खांदा कसा वळला, यावरून तिला कळे. ती मला घेऊन आधीच तिथे पोहोचलेली असे, आणि झेलता झेलता मला हलकेच आत ओढी. पाहणाऱ्याला वाटे, चेंडू बरोबर ठिकाणावर आला. चेंडू जमिनीवर आपटून येणार असेल, तर ती गुडघे टेकून अंगाची भिंत करी. तिच्या नडग्या कायम काळ्यानिळ्या.

त्यांची आई बस आगारात चौकशीच्या खिडकीवर बसत असे. तिचा आवाज असा, की खिडकीला माइकची गरजच नव्हती. ती म्हणे, "दिवसभर लोक मला विचारतात, आमची बस कुठेय? घरी येऊन मी विचारते, माझ्या पोरी कुठेयत? बसचा पत्ता एक वेळ लागतो, यांचा नाही!" मग धाकटीच्या नडग्या पाहून तिचा सूर खाली येई. "अगं, तू खेळतेस की मार खातेस?"

"दोन्ही," धाकटी म्हणे.

पुढे शहरात चाचणी लागली. देशाच्या मुलींच्या संघासाठी खेळाडू निवडायचे होते. आधी एका दिवसाची चाचणी, त्यातून शिबिर, आणि शिबिरातून संघ. थोरली जाणार हे ठरलेलेच होते. धाकटी गेली ती फक्त चाचणीआधी ताईचा हात मोकळा करून द्यायला. पण मैदानावर पिचर पोत्याने होत्या आणि कॅचर मोजक्याच. त्यातल्या एकीचे बोट पहिल्याच तासात सुजले.

प्रशिक्षक बाई ठेंगण्या होत्या. ओरडून ओरडून त्यांचा घसा बसलेला होता. त्यांनी माझ्याकडे बोट दाखवले. "ए मुली, हा हातमोजा तुझाच ना? वय बसतंय का? मग बस की खाली, वाट कसली बघतेस?"

धाकटी दिवसभर बसली. नाना तऱ्हेचे चेंडू मी त्या दिवशी झेलले. संध्याकाळी शिबिरासाठी नावे पुकारली, त्यात दोघींचीही नावे होती. परतीच्या बसमध्ये थोरली एवढी खुशीत होती, की तिने खिडकीची जागा धाकटीला दिली. घरातल्यांना विचारा, ही मोठीच गोष्ट होती.

शिबिरात मात्र बाईंनी जोड्या मोडल्या. "स्वतःची कॅचर घेऊन कुणी सामन्याला जात नसतं," त्या म्हणाल्या. थोरलीला दुसरी कॅचर मिळाली. ती गुणी होती, पण थोरलीचा खांदा तिला वाचता येत नव्हता. चेंडू तिच्या मागे जाळीवर जाऊन आदळू लागले. थोरली चिडली. चिडली की ती आणखी जोरात टाके, आणि जोरात टाकलेला चेंडू आणखी भरकटे.

इकडे धाकटीपुढे एक बुजरी पिचर आली होती. तिचा पहिला चेंडू अर्ध्यातच जमिनीवर पडला. धाकटी उठून तिच्याजवळ गेली आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाली, "तुझ्या बुटाची नाडी सुटलीय." त्या मुलीने खाली पाहिले. बुटांना नाडीच नव्हती, नुसते पट्टे होते. ती खुदकन हसली. पुढचा चेंडू माझ्या पोटात अलगद येऊन बसला, आणि त्यानंतरचेही. बाई जाळीमागून पाहत होत्या.

शेवटच्या दिवशी संघाची नावे वाचली. धाकटीचे नाव होते. थोरलीचे नव्हते.

थोरली सरळ बाईंसमोर जाऊन उभी राहिली. मी धाकटीच्या काखेत होतो. मला सगळे ऐकू आले.

"माझं काय चुकलं, बाई? माझ्याएवढा वेग इथे कुणाचा नाही."

"नाहीच," बाई म्हणाल्या. "पण चेंडू ठिकाणावर पडत नाही. आणि हे तुला आजवर कळलंच नाही, कारण तुझी बहीण तुझी प्रत्येक चूक झेलत आली. अशी कॅचर मला हवी आहे. तुला मात्र घरी अशी कॅचर नको होती."

त्यांचा सूर कडू नव्हता. जसे होते तसे त्यांनी सांगितले. थोरलीने धाकटीकडे वळून पाहिले.

"तुला माहीत होतं?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, झेलणं एवढंच माझं काम आहे," धाकटी म्हणाली आणि रडू लागली. थोरली रडली नाही. तिने पिशवी उचलली आणि चालू लागली.

नंतरचे दिवस घराला जड गेले. थोरली दुकानात बसून जुन्या सोफ्यांचे खिळे उपटत राही. सोफेवाले तिला काही बोलत नसत, फक्त एक सोफा संपला की दुसरा पुढे सरकवत. आई म्हणाली, "अहो, समजूत घाला तिची. काम काय देताय?" ते म्हणाले, "हीच समजूत आहे. रागाच्या भरात खिळे छान निघतात."

धाकटीने मला पलंगाखाली टाकून दिले होते. तिथे मला दमट हवा लागली आणि अंगावर पांढरी बुरशी धरली. जेवताना तिने एकदाचे सांगून टाकले, "मी जाणार नाही. ताई नाही, तर मी पण नाही."

थोरलीने ताट बाजूला सारले, आत आली, पलंगाखाली हात घालून मला बाहेर काढले आणि आपल्या ओढणीने पुसले. आजवर तिने मला असा हात कधी लावला नव्हता.

"ऊठ," ती धाकटीला म्हणाली. "माझ्यासाठी राहिलीस म्हणून जन्मभर ऐकवायचंय का मला? चल अंगणात."

अंगणात उन्हे कलली होती. थोरलीने रेक्झिनचा तुकडा स्वतःच पसरला.

"आता नीट ऐक. हातमोजा मधोमध धर आणि हलवायचा नाही. चेंडू कुठेही जाऊ दे, तू जागची हलू नकोस."

"पण ताई, शटरवर आपटेल."

"आपटू दे. मला बघायचंय."

मित्रांनो, स्थिर राहण्याइतके अवघड काम मला कधी करावे लागले नव्हते. पहिला चेंडू डोक्यावरून गेला. धाकटीचा हात उचलला जाणार होता, तो तिने कसाबसा आवरला. शटर धाडकन वाजले. थोरली चालत आली, आमच्या मागे जाऊन तिने चेंडू उचलला आणि परत गेली. दुसराही गेला. तिसरा धाकटीच्या कानाजवळून गेला. दर वेळी थोरली स्वतः चेंडू आणायला येई. इतकी वर्षे ती एकाच जागी उभी होती. चेंडू कुठे जातो हे पाहायची पाळी तिच्यावर कधी आलीच नव्हती. गोदामातून एक हमाल ओरडला, "काय गं, आज तोफ वाकडी झाली का?"

"वाकडीच होती!" थोरली ओरडली. "तुम्हाला आता दिसतेय!"

मग तिने वेग कमी केला. श्वास घेतला, खांदा सैल सोडला. पुष्कळ वेळाने एक चेंडू आला, आणि मी तसूभरही न हलता तो माझ्या मधोमध बसला. आवाज फारसा झाला नाही. पण या वेळी थोरलीला चेंडू आणायला मागे जावे लागले नाही.

पुढचे थोडक्यात सांगतो. धाकटी देशाच्या संघातून खेळायला गेली, आणि त्या वर्षी मीही तिच्यासोबत गेलो. परत आलो तेव्हा माझी वादी तुटली होती आणि पोटातला भराव विरला होता. सोफेवाल्यांनी मला वाकड्या सुईने शिवले आणि चांगला तळवाही लावला, पण मोठ्या सामन्यांच्या वेगाला मी आता पुरा पडणार नव्हतो. धाकटीला नवा हातमोजा मिळाला. थोरली पुढच्या वर्षी पुन्हा चाचणीला गेली. राखीव म्हणून राहिली. त्याच्या पुढच्या वर्षी तिला संघात घेतले. एका सामन्यात दोन डाव थोरलीने चेंडू टाकले आणि धाकटीने झेलले. मी तिथे नव्हतो. आईने आगाराच्या खिडकीवर फोन उभा करून तो सामना पाहिला म्हणे, आणि त्या वेळात कुठली बस कुठे गेली ते कुणालाच कळले नाही. मी मात्र दुकानात होतो. सोफेवाल्यांच्या फोनमधून एक धप्प असा आवाज आला. तो दुसऱ्या कुणाचा होता. मला थोडे वाईट वाटले. मग वाटले, ठीक आहे, आवाज स्वच्छ होता.

आता अंगणात लहान मुली येतात आणि थोरली त्यांना शिकवते. त्यांच्यासाठी हळू टाकलेले चेंडू मला अजून झेपतात.

तुम्हाला एवढेच सांगायचे आहे. माझ्यासारख्याला ओले ठेवू नका, उन्हात टाकून जाऊ नका. कातड्याला थोडे तेल पुरते. आणि खेळ संपला, की टाळ्या घेऊन तडक घरी पळू नका. कुणीतरी केव्हापासून खाली बसलेले असते आणि त्याच्या पायाला मुंग्या आलेल्या असतात. जाताना त्याला हात द्या आणि उभे करा.