ताणलेल्या जाळीचा कोपरा

चपला काढता काढता तिने सवयीने दाराशेजारच्या कोपऱ्यात पाहिले. बाबांची खुर्ची तिथे नव्हती. एक चप्पल पायात तशीच ठेवून ती आत धावली.

"इकडे," बाबा खिडकीपाशी बसून म्हणाले. "ऊन आता इथे येतं. सरकलो."

संशोधनासाठी तिने घर सोडले, तेव्हा याच खुर्चीतून त्यांनी विचारले होते, "तिकडे जाऊन काय दिवे लावणार आहेस?" त्यानंतर बापलेकीचे बोलणे म्हणजे पोचलीस का, औषधं घेतली का, एवढेच. आज ती दिवा घेऊनच आली होती. तिने आलेखाचा कागद त्यांच्या मांडीवर पसरला.

"ही कार्बनची जाळी, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी. जाडी एका अणूची. या रेषा म्हणजे इलेक्ट्रॉनना चालायला मोकळ्या वाटा. वरची आणि खालची एका बिंदूत टेकतात. मी जाळी थोडी ताणली, आणि बघा, फट पडली."

"फट पडली तर चांगलं?"

"मग वीज हवी तेव्हा अडवता येते. उद्या सगळ्यांसमोर मांडायचंय, बाबा. नाव होईल."

बाबांचे बोट रेषांवरून सावकाश फिरू लागले, निजलेल्या बाळाच्या पाठीवरून फिरावे तसे. उन्हात कागद तरंगल्यासारखा दिसत होता. असेच बसून राहावे, असे तिला वाटले.

"इथे भेटायच्या दोघी?"

"हो. आलेखातल्या षटकोनाच्या कोपऱ्यात, नेहमीच्या..."

ती थांबली. दाराशेजारी फरशीवर खुर्चीच्या पायांचे चार फिके डाग दिसत होते.

जाळी ताणली की भेटीचा बिंदू कोपऱ्यातून सरकतो. हे तिने स्वतः विद्यार्थ्यांना शिकवले होते, आणि शोधत मात्र राहिली ती जुन्याच कोपऱ्यात.

तिने लॅपटॉप उघडला आणि शोधाची वाट जरा बाजूने, सरकलेल्या बिंदूवरून आखली. बाबांनी आणून ठेवलेला चहा निवून गेला. पडद्यावर दोन रेषा सरळ येऊन एकमेकींना टेकल्या.

"फट नव्हतीच, बाबा. मीच चुकीच्या जागी बघत होते. उद्या मांडायला काही उरलं नाही."

बाबांनी पडद्यावर रेषा टेकल्या होत्या तिथे बोट ठेवले.

"लावलेस की दिवे," ते म्हणाले. तिने दचकून वर पाहिले. ते हसत होते. कितीतरी वर्षांनी तीही त्यांच्यासमोर हसली, डोळे पुसत.

"मग आज परतायची घाई नाही," असे म्हणत ते उठले, आतून दुसरी खुर्ची ओढत आणली आणि खिडकीपाशी, आपल्या खुर्चीला लागून ठेवली.