चौथा नट

डिझेल ट्रकचा कुठला सिलिंडर मेलाय, हे शोधायची माझी एकच रीत. इंजिन चालू ठेवायचं आणि एकेका इंजेक्टरच्या नळीचा नट सैल करायचा. इंजिन अडखळलं, तर तो सिलिंडर काम करतोय. काहीच फरक पडला नाही, तर तो मेलेला.

तिसरा नट पुन्हा आवळत होतो, तेवढ्यात माझी पुतणी वीणा दुर्गाघाटाहून गंगा ओलांडून रामनगरला गॅरेजवर आली. डब्यात आईच्या वर्षश्राद्धाचे लाडू होते. श्राद्धाला दादानं मला बोलावलंच नव्हतं.

आईच्या दहाव्याला घाटावर सगळ्यांसमोर तो म्हणाला होता, "श्रीनिवास, त्या डिझेलच्या हातांनी पिंडाला शिवू नकोस." अरे, याच हातांनी शेवटपर्यंत तिचं अंथरूण बदललं मी! तसाच उठलो आणि तडक इथं आलो. तेव्हापासून गॅरेजातच झोपतो.

"घेऊन जा ते लाडू!" मी वीणावर ओरडलो. पण मग राहवेना. "घर कसं चाललंय माझ्याविना?"

पोरीला वाटलं, मला घराचा घोर लागलाय. माझा काळा हात धरून ती मायेनं म्हणाली, "काका, तुम्ही बिल्कुल चिंता नका करू. काहीच फरक नाही पडला."

मी चौथा नट सैल केला. इंजिन होतं तसंच चालत राहिलं.

"पता चला, उस्ताद?" ट्रकपाशी उभ्या ड्रायव्हरनं विचारलं.

"हां," मी म्हणालो, "पता चल गया."