बर्डीचे बत्तीस मीटर

यंत्राच्या पाठीवर, खालच्या स्क्रूच्या डाव्या बाजूला, एक छिद्र होतं. व्यास एक मिलिमीटरहून थोडा कमी. त्या छिद्रातून हवा आत जाते, आतली चकती तिचा दाब मोजते, आणि दाब उतरला की यंत्र समजतं, सायकल चढली. योगिनीनं भिंग धरून पाहिलं. छिद्राच्या कडेला तांबूस पिवळी धूळ बसली होती. पेरावर घेऊन चोळली तर कणीकणी लागली. शेतातली माती अशी लागत नाही. हा मुरूम होता.

"तेच म्हटलं ना मी," फोनवर अतुल म्हणाला. औरंगपुऱ्यात त्याचं सायकलचं दुकान होतं, शहरातला सायकल क्लबही तोच चालवायचा, आणि हँडलवर लावायचं हे यंत्र योगिनीनं त्याच्याकडूनच जुनं घेतलं होतं. "भोक बुजलं असणार. मॅडम, मार्चच्या चढाई स्पर्धेत, महिनाभराच्या एकूण चढाईत, तुम्ही ॲपवर तिसऱ्या अन् मशीनवर बाराव्या. क्लबला ॲपचाच आकडा चालतो. गुपचूप तिसऱ्या व्हा की, क्या परेशानी है?"

"जेवढं चढले नाही, तेवढं माझ्या नावावर कशाला?"

"अहो, कुणाचंच जुळत नाही. माझा फोन तर दुकानात बसल्या बसल्या वीस मीटर चढतो."

ते खरं होतं. फोन उपग्रहांवरून उंची काढतो, आणि उपग्रह सगळे डोक्यावर, पायाखाली एकही नाही. म्हणून आडवं अंतर नीट येतं आणि उभं डळमळतं. यंत्र हवेच्या दाबावर चालतं. हवामान पालटलं की तेही थोडं फसतं. क्लब वापरतो ते ॲप तिसरंच करतं. सायकल कुठून गेली तेवढं बघतं आणि त्या वाटेची उंची स्वतःजवळच्या नकाशातून उचलतं. तिघांचे आकडे जुळणार नाहीत, हे अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या योगिनीला कुणी सांगायला नको होतं. पण फरक पडतो तो दरवेळी साधारण तेवढाच पडायला हवा. तिच्या बाबतीत तो वाढत चालला होता.

तिनं शिवणाच्या बारीक सुईनं छिद्र साफ केलं आणि यंत्र घेऊन कॉलेजचा जिना चढली. बहात्तर पायऱ्या, प्रत्येक पंधरा सेंटीमीटरची. दहा मीटर ऐंशी. यंत्रानं अकरा दाखवले. साफ करण्याआधीही तिनं हाच जिना चढून पाहिला होता. तेव्हाही अकराच.

मग ती प्रयोगशाळेच्या संगणकासमोर बसली आणि दोन वर्षांच्या नोंदी काढल्या. गाव सिल्लोड रस्त्यावरून आत. घरातून निघायचं, गाडीवाटेनं मेंढबर्डी या टेकडीची खिंड चढून उतरायचं, की डांबरी रस्ता लागतो आणि तिथून हर्सूलमार्गे शहर. रविवारी क्लबबरोबर चौक्याचा घाट. घाटाचे आकडे तिनं आधी लावले. दोन वर्षांत ॲप आणि यंत्र यांच्यातला फरक चार ते सहा मीटर, कधीही जास्त नाही. मग खिंड लावली.

ॲप, दररोज: अडतीस मीटर.

यंत्र, जानेवारी दोन हजार सतरा: छत्तीस. त्या दिवाळीला एकोणतीस. पुढच्या होळीला एकवीस. काल: सहा. अडतीसातून सहा गेले, बत्तीस.

ॲपचा नकाशा दोन हजार सालचा, अवकाशयानातून मोजलेला. ॲपच्या लेखी बर्डी अजून उभी होती आणि योगिनी रोज ती चढत होती. खोदकाम चालू आहे हे तिलाही दिसत होतं. हायवा डंपर भरून मुरूम जायचा, शहराकडच्या नव्या प्लॉटांच्या भरावाला. पण दोन्ही अंगांनी खोदता खोदता वाटच खाली बसत गेली, इतकी हळू, की चढ सोपा झाल्याचं श्रेय ती स्वतःला देत राहिली. दोन वर्षं तिला वाटत होतं, आपले पाय तयार झाले.

अतुलला तिनं दोन शब्दांचा निरोप पाठवला: "बारावी लावा."

घरी पोचली तेव्हा तिचे वडील, सूर्यभान, एका मेंढीचा खूर मांडीवर घेऊन काटा काढत होते. शंभरातली चाळीस मेंढरं उरली होती. जवळच्या चारा छावणीत गुरंच घेत होते, आणि बर्डीच्या उत्तर अंगाला मार्चपर्यंत टिकणारं गवत आता त्या अंगासकट गेलं होतं. अर्धी बर्डी अजून बाकी होती, पण तिच्या पायथ्याशीही खोदायचं मशीन येऊन उभं होतं.

"आबा, बत्तीस मीटर गेली," योगिनी म्हणाली.

"म्हंजी किती?"

"गावातल्या पाण्याच्या टाकीसारख्या दोन एकावर एक ठेवल्या तर जेवढी होईल, तेवढी."

सूर्यभानांनी काटा उपटला आणि मेंढी सोडली. "मला ठाव हाय, बाई. मला दिसतंय. कागदाला दिसत नाय. सालभर तुला म्हणतोय, तहसीलला लिहून दे. तू म्हणती, मोजल्याबिगर कसं लिहू."

हे ती म्हणत आली होती, आणि ते अर्धंच खरं होतं. उरलेलं अर्धं तेवढ्यात अंगणात आलं. थोरला भाऊ बिभीषण. रस्त्याच्या कडेला हायवा लावून तो आत शिरला आणि टँकरच्या पाण्याचा तांब्या जपून वापरत तोंड धुऊ लागला. भुवयांवर तीच तांबूस पिवळी धूळ.

"सोमवारी साहेब येणार हायेत खोदकामाच्या पंचनाम्याला," तो म्हणाला. "कंत्राटदारानं लिहून दिलंय, खोदलं तिथं बर्डी नव्हतीच, नुस्ती सपाटी केली. कुणी मधी बोलायचं नाय."

"दादा, तू रोज किती खोदलं ते माझ्याकडं मोजलेलं आहे."

बिभीषणनं तांब्या खाली ठेवला. "म्हंजी मी गाडी चालवायचो अन् तू माघारी मोजत यायची?"

"मला ठाऊक नव्हतं मी मोजतेय ते."

"नाव माझं ठेवलं बिभीषण," तो बापाकडं पाहत म्हणाला, "अन् घर फोडणार ही."

"घर नाय फोडत. बर्डी तू फोडतो," सूर्यभान म्हणाले.

"मग काय करू, आबा? दोन खरिपं गेली. बर्डीकडं बघत बसू? गाडी सुटली तर मला दुसरी कोण देणार हाय?" मग तो योगिनीकडं वळला. आवाज चढला नाही, उलट उतरला. "बोलायचं तर सगळं बोल, योगे. खोदलं म्हणशील अन् कुणी ते गिळशील, तर तुझं मोजमाप खोटं पडंल. घेशील माझं नाव साहेबापुढं?"

वर्षभर मोजायचं राहिलंय म्हणत योगिनीनं जे टाळलं, ते हेच होतं.

सोमवारी सकाळी मंडळ अधिकारी आले. चष्मा पुसत, धुळीतून जपून पाय टाकत. गावातली पंधरावीस माणसं जमली. कंत्राटदाराचा मुकादम पुंजाराम कागदाची गुंडाळी घेऊन पुढं होता. थोड्या अंतरावर हायवा घरघरत उभा, आणि केबिनमध्ये बिभीषण.

"साहेब, बर्डी ती पलीकडं. हितं नव्हती," पुंजाराम म्हणाला. "गायरान व्हतं, जरा उंचसखल. सपाट केलं. गावाच्याच सोयीचं."

"मेंढबर्डी म्हणत्यात हिला," सूर्यभान म्हणाले. "माझ्या आज्यानं मेंढरं चारली हितं."

"मामा, मेंढरांचा जबाब घेत नाहीत," पुंजाराम म्हणाला आणि माणसं हसली.

अधिकारी हसले नाहीत. "आधीची उंची लेखी कुणाकडं आहे का? असेल तर सांगा. नसेल तर जे दिसतं तेच मला लिहावं लागेल."

योगिनी सायकल धरून उभी होती. पिशवीत दोन वर्षांच्या नोंदींचे छापलेले कागद होते. चौक्याचा घाट एका पानावर, खिंड तीन पानांवर, आणि जिन्याच्या पायऱ्यांचं मापही, कारण कुणीतरी छिद्राचा प्रश्न काढणारच.

पुंजारामचं लक्ष तिच्याकडं गेलं. "ह्या मास्तरीणबाईलाच इचारा. रोज हितूनच जात्यात. काय हो बाई, सोपं झालं का नाय? चढ गेला, पाय वाचले तुमचे."

तिनं हायवाकडं पाहिलं. काचेआड बिभीषण तिच्याकडंच बघत होता. त्यानं मान हलवली नाही, डोळेही वळवले नाहीत. फक्त किल्ली फिरवली. घरघर थांबली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्या खिंडीत वाऱ्याचा आवाज ऐकू आला.

योगिनीनं सायकल स्टँडवर लावली आणि कागद अधिकाऱ्यांच्या हातात दिले.

"चढ बत्तीस मीटर गेला," ती म्हणाली. "कोणत्या महिन्यात किती, ते ह्यात आहे."

"हे कुणी मोजलं?"

"मी. जबाब लिहून घ्या."

"बाई, सायकलीच्या खेळण्यावर जबाब?" पुंजाराम म्हणाला. "अन् खोदलं कुणी, ते बी सांगा की मग. भूत आलं व्हतं का?"

अधिकाऱ्यांनी पेनाचं टोपण काढलं. सूर्यभान जमिनीकडं पाहू लागले. योगिनीनं आवाज वर्गात ठेवते तसा ठेवला, शेवटच्या बाकापर्यंत जाईल एवढा.

"लिहा. योगिनी सूर्यभान शिंगाडे. बर्डी होती, ती मी मोजली आहे. कंत्राटदाराच्या सांगण्यावरून ती खोदून नेली, आणि नेणारी गाडी माझा सख्खा भाऊ बिभीषण चालवतो. तेही लिहा."