शेजारची खुर्ची

माझी धाकटी बहीण मुरिएल हिचा नवरा क्लिफ मासेमारीच्या जहाजासकट नॉर्वेच्या समुद्रात बुडाला. त्याचं प्रेत कधी मिळालंच नाही. त्यामुळे उतारवयात आम्ही दोघींनी क्रूझला जायचं ठरवलं, तेव्हा नॉर्वेचं नाव मी चाचरतच काढलं.

"आठवडाभर बर्फाचे डोंगर बघू आणि परत येऊ."

"त्या पाण्याचं मला तोंड बघायचं नाही," मुरिएल म्हणाली. "तुला गारठायची हौस असेल तर फ्रीजमध्ये जाऊन बस."

मग आम्ही कॅरिबियनची लांबलचक सफर घेतली.

बार्बाडोस सोडलं त्या दुपारी ऊन मी म्हणत होतं. केबिनच्या बाल्कनीतून मुरिएलनं हाक मारली, "एनिड, ही खुर्ची बघ गं."

तिच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर पांढरंशुभ्र हिम साचलं होतं. मधोमध मात्र कुणी बसावं तेवढीच जागा मोकळी होती. मी हात लावला तर बोटं बधिर झाली.

मी कुणाला तरी बोलवायला निघाले, तर तिनं माझा हात धरला.

"राहू दे. बिचारा इतक्या लांब आलाय."

संध्याकाळपर्यंत ती तिथेच बसून हळू आवाजात बोलत होती. आत आली तेव्हा तिचे ओठ निळे पडले होते, पण चेहरा लग्नातल्यासारखा खुलला होता.

"पुढच्या वर्षी नॉर्वे," ती म्हणाली. "आणि माझी केबिन वेगळी घे."

मी अजून तिकिटं काढलेली नाहीत. ती रोज विचारते.